ॲव्हेंजर्स: एंडगेम, मार्व्हलचा सुपरहिरोंचा पिच्चर, बघितला का? (सगळं उघडून लिहिलंय, पिच्चर न बघितलेल्यांनी आत येऊ नये)

मांजराकाठ, लातूर

काल रात्रीच्या शोला जाऊन आलो, हिंदीतला, लातुरातच. तेव्हापासून कुणाशी तरी बोलावं वाटायलंय पण रूमवर सगळे नीटवाले (मेडिकल प्रवेश परीक्षेचे), ५ मे ला पेपर, कुणीच बघितला नाही आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नाही, म्हणून हितं धागा काढायलो. ज्यांनी बघितला ते या. बाकीच्यांनी आत्ताच माघारी फिरा, मी काही झाकून लिहिणार नाही.

१८१ मिनिटं म्हणून लोक आधीच कुरकुर करायलते. मला एक मिनिट जास्त वाटलं नाही. गेल्या पिच्चरमधी थॅनॉसनं सहा जादूच्या स्टोनच्या जोरावर चुटकी वाजवून अर्धी दुनिया गायब केलती. हितं पहिल्या वीस-पंचवीस मिनिटातच ॲव्हेंजर्स त्याला गाठतात, थोर त्याचं मुंडकं उडवतो, आणि हॉलमधी एक शिट्टी नाही. कारण माणसं परत आणायला लागणारे स्टोन त्यानं आधीच नष्ट केलेले. ज्याच्यासाठी वर्षभर थांबलोतो ते झालं आणि हाती काहीच लागलं नाही. मग पडद्यावर येतं की पाच वर्षं गेली, आणि तिथून पुढं जो तासभर आहे ना, मोडलेल्या माणसांचा, तो मला शेवटच्या लढाईपेक्षा जास्त भावला. कॅप्टन अमेरिका पाच-सात लोकांना गोल बसवून बोलतं करायलाय, नताशा (ब्लॅक विडो) एकटीच ऑफिसात बसून सगळ्यांचे रिपोर्ट घ्यायली आणि समोर ब्रेडला पीनट बटर लावून ठेवलेलं, ते तसंच ठेवून रडायली. एवढ्या पैशाचा पिच्चर आणि त्यानं इतका वेळ बिनमारामारीचा काढला, ह्याला हिंमत लागते.

दुसरं थॅनॉसबद्दल. गेल्या वर्षी इन्फिनिटी वॉर बघून आमच्यातले कितीतरी जण म्हणायलते की गडी चुकीचा नाही, माणसं जास्त झालीत, पाणी पुरंना, अर्धी कमी केली तर बाकीची सुखानं जगतील. यंदा (२०१९) परत दुष्काळ, जायकवाडी मृतसाठ्यात, तर ते बोलणं परत सुरू झालंय. मला हे अजिबात पटत नाही आणि का ते सविस्तर लिहिणार आहे, पण आधी तुम्ही पिच्चरवर बोला.


हर्सूलनाका, औरंगाबाद

२३ ला मतदान केलं आणि २६ ला पहिला शो, बोटावर शाई तशीच. इंग्लिश, थ्रीडी. सकाळचा शो असून हॉल भरलेला, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पोरं आधीपासून आरोळ्या देत होती.

तुझ्या पहिल्या तासाबद्दल मान्य, पण मित्रा शेवटची लढाई कमी लेखू नको. कॅपचा (कॅप्टन अमेरिका) हातोड्याचा सीन, थोरचा हातोडा, जो लायक माणसालाच उचलता येतो, तो आधी जमिनीवरून जरासा हलतो, मग उडत जाऊन थॅनॉसला बसतो, आपल्याला वाटतं थोरनं बोलावला, आणि तो परत फिरून कॅपच्या हातात येतो. एज ऑफ अल्ट्रॉनमध्ये पार्टीत सगळे हातोडा उचलायचा प्रयत्न करतात तेव्हा कॅपच्या हातून तो एक केसभर हलला होता आणि थोरचं हसू गेलं होतं, २०१५ ला टाकलेलं बी २०१९ ला उगवलं. माझ्या शेजारी बसलेला माणूस, ओळख ना पाळख, त्यानं माझा खांदा धरून गदागदा हलवला आणि मी पण त्याचा हलवला.

आणि मग ढाल अर्धी तुटलेली, समोर अख्खी फौज, कॅप एकटा उभा राहून हाताचा पट्टा आवळतो. तेवढंच. पट्टा आवळतो. मग कानात त्याचा मित्र सॅमचा आवाज येतो, विंटर सोल्जरच्या सुरुवातीला पळताना कॅप सॅमला जे म्हणतो तेच, आणि पहिलं पोर्टल (जादूचं दार) उघडतं. त्याच्यापुढचं मला नीट ऐकूच आलं नाही, एवढा दंगा. अॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत नंतर घरी हेडफोन लावून ऐकावं लागलं.


बालाघाटची, बीड

मला लढाईपेक्षा स्कॉटचा सीन. तो अँट मॅन त्या गोदामातनं बाहेर येतो, त्याच्या हिशोबानं पाच तास झालेत, आणि बाहेर पाच वर्षं. सगळीकडं ओस. मग दगडावर कोरलेल्या नावांत तो पोरीचं नाव शोधतो, सापडू नये म्हणून शोधतो, आणि नंतर तिच्या दारात जातो तर दार उघडणारी पोरगी एवढी मोठी झालेली.

माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ होता. दादा ऊसतोडीला जातो, कोल्हापूरकडं. यंदा कारखान्याचे पट्टे लवकर पडले, गाळप संपलं, म्हणून टोळी मार्चमध्येच परत आली. धाकटी पोरगी आजीपाशी ठेवली होती, दिवाळीनंतर गेला तेव्हा रांगायची, आला तेव्हा चालायला लागलेली, आणि दोन दिवस ती त्याच्याकडं गेली नाही, आजीच्या पदराआड जाऊन बघायची नुसती. दादानं ह्या मार्व्हलचे दोन-तीन पिच्चर मोबाईलवर बघितलेत, कोपीवर रात्री, बाकी त्याला काही माहीत नव्हतं. पण स्कॉटच्या सीनला तो खुर्चीत पुढं सरकून बसला. इंटरव्हलमध्ये मला एवढंच विचारलं, "तिनं ओळखलं ना लगेच?" म्हणलं हो दादा, लगेच ओळखलं.

आमच्या वडवणी, धारूर, शिरूर कासारकडची गावं हंगामात अर्धी रिकामी होतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं. म्हणून ते ओसाड रस्ते बघताना मला पिच्चर लांबचा वाटलाच नाही.


बारावी_लातूर_पॅटर्न

मी फक्त पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि खाली आलो. कुणीतरी फक्त एवढंच सांगा टोनी (आयर्न मॅन) जगतो का नाही. झोप लागंना. फिजिक्सचं रिव्हिजन चालूय आणि डोक्यात हेच.


मांजराकाठ

भावा, ५ तारखेला पेपर दे, ६ ला सकाळी पहिला शो बघ. हितं परत येऊ नको. व्हॉट्सॲप काढून टाक फोनमधून, एक जण क्लासच्या ग्रुपवर शेवटचा सीन मोबाईलवर शूट करून टाकायलाय. दिग्दर्शकांनी स्वतः पत्र काढून विनंती केलती की दुसऱ्याचा पिच्चर घालवू नका आणि आपल्याच लोकांना त्यात मजा वाटायली, मला ह्याचा खरंच राग येतो. एखाद्यानं ११ वर्षं वाट बघितलेली असती.


नांदेडकाका

नमस्कार मंडळी. मी तुमच्यापेक्षा बराच वयस्कर, पासष्टी उलटली. दोन्ही नातवांनी हट्ट धरला म्हणून गेलो, आधीचे पिच्चर बघितलेले नाहीत. सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण शेवटी टोनीच्या अंत्यविधीचा प्रसंग फार चांगला घेतलाय. कुणी काही बोलत नाही, कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावरून जात राहतो. त्यात मागं एक तरुण मुलगा एकटाच उभा आहे, तो कोण? नातवांनाही सांगता आलं नाही.

दुसरं, ते पाण्यावर फुलं सोडतात त्यात एक यंत्र ठेवलंय, त्याचं महत्त्व काय ते कुणी सांगावं.


हर्सूलनाका

काका नमस्कार. तो मुलगा म्हणजे हार्ली, आयर्न मॅन ३ मधला. त्यात टोनीचं घर उद्ध्वस्त होतं, सूट बंद पडतो, आणि एका लहान गावात हा दहा-अकरा वर्षांचा पोरगा त्याला गॅरेजमध्ये आसरा देतो. २०१३ चा पिच्चर, सहा वर्षांत पोरगा एवढा वाढला म्हणून कुणी ओळखलं नाही. त्याला एकही वाक्य दिलं नाही, पण बोलावलंय.

आणि ते यंत्र म्हणजे टोनीचा पहिला आर्क रिअॅक्टर, जो त्यानं गुहेत कैदेत असताना भंगारातून बनवला. नंतर त्यानं नवीन बनवला तेव्हा पेपर पॉट्सनं, पुढं त्याची बायको झाली तिनं, जुना फेकून न देता काचेत बसवून त्याला भेट दिला, वर लिहिलेलं की टोनी स्टार्कला हृदय आहे ह्याचा पुरावा. २००८ च्या पहिल्या पिच्चरमधली वस्तू. तोच आता पाण्यावर सोडला.


नांदेडकाका

वा. हे कळल्यावर प्रसंग वेगळाच वाटतोय. धन्यवाद, नातवांना संध्याकाळी सांगतो.


पूर्णेकर, परभणी

हौ काका, आणि अजून एक घ्या. टोनीचा माणूस हॅपी टोनीच्या बारक्या पोरीला विचारतो काय खायचंय, ती म्हणते चीजबर्गर. टोनी कैदेतून सुटून आल्यावर पहिल्यांदा तेच मागतो, पहिल्या पिच्चरमधी. आमच्या हॉलमधी तिथं हसले लोक, आणि ज्यांना माहीत होतं ते रडायलते. एकाच वेळी एकाच हॉलमधी दोन्ही.

मला थोरवर बोलायचंय. सगळे त्याच्या पोटावर हसायलेत, मीम बनवायलेत. मला तिथं हसूच आलं नाही. त्याचं बघा ना, बाप गेला, भाऊ डोळ्यासमोर मारला, निम्मी प्रजा मारली, आणि थॅनॉसच्या डोक्याऐवजी छातीत कुऱ्हाड घातली म्हणून सगळं जग गेलं असं त्याच्या मनानं घेतलंय. घरात बसून दारू प्यायलाय, गेम खेळायलाय, थॅनॉसचं नाव काढलं की थरथरायलाय. असे दोन माणसं मला माझ्या गल्लीत माहीत आहेत. पिच्चरनं त्याच्यावर विनोद जरा जास्तच केले, हे मला खटकलं, दिग्दर्शक रूसो बंधूंकडून ही अपेक्षा नव्हती. पण मग आईचा सीन येतो. स्टोन आणायला थोर मागच्या काळात, २०१३ च्या अॅस्गार्डमधी, स्वतःच्या घरी जातो, आईला ठाऊक आज तिचा शेवटचा दिवस आहे की काय, ती पोराकडं बघूनच ओळखती की हा पुढच्या काळातून आलाय, आणि त्याला एका शब्दानं टोचत नाही. तो हात लांब करतो, हातोडा येतो. तसाच पोट सुटलेला, दाढी वाढलेली असताना येतो. तो बारीक झाल्यावर हातोडा आला असता तर मी पिच्चर माफ केला नसता. शेवटच्या लढाईत पण तो तसाच लढतो, दाढीला वेण्या घालून.


खडकेश्वर

चांगली चर्चा. पण एक सांगू का, हिंदीत बघणाऱ्यांनी पिच्चरचा निम्मा मजा घालवला. टोनीचा आवाज म्हणजे डाउनीचाच पाहिजे. शक्य असेल त्यांनी इंग्लिशमध्ये परत बघा.


मांजराकाठ

तुमचं म्हणणं कळलं पण निम्मा मजा घालवला हे मान्य नाही. मी २०१२ चा पहिला ॲव्हेंजर्स गावाकडं टीव्हीवर हिंदीतच बघितला, वर्षभरानंतर कधीतरी, आणि तेव्हापासून सगळे हिंदीतच. माझ्यासाठी टोनीचा आवाज तोच. माझ्या शेजारी काल एक ट्रॅक्टरचा मेकॅनिक बसलता, गॅरेजचे कपडे तसेच, त्याला सगळ्या पिच्चरचा सगळा इतिहास पाठ. त्याला खालच्या इंग्लिश ओळी वाचत बसायला लावायचं का? पडदा बघणार का अक्षरं? हिंदी, तमिळ, तेलुगूत आला म्हणून तर पहिल्या दिवशी देशात ५० कोटीच्या वर गेला, नुसत्या इंग्लिशवर गेला नसता. उलट मला वाटतं मराठीत पण यायला पाहिजे होता. तमिळमधी विजय सेतुपतीनं आयर्न मॅनला आवाज दिलाय, आपल्याकडं काय आवाजांची कमी आहे का, नाटकवाली माणसं आहेत एकेक.


खडकेश्वर

मराठीचा मुद्दा पटला. मी त्या अर्थानं नव्हतो म्हणत, माझा एवढाच आग्रह की ज्याला दोन्ही जमतं त्यानं दोन्ही बघावं. मराठीत आला तर पहिला शो माझा.


बालाघाटची

नताशाबद्दल कुणीच लिहीना म्हणून मी लिहिते. टोनीला एवढा मोठा निरोप, सगळे काळ्या कपड्यात, तळं, फुलं. नताशानं त्या आधी तेवढंच दिलं, व्होर्मिर ग्रहाच्या कड्यावरून उडी मारली म्हणून सोल स्टोन मिळाला, नाहीतर पुढं काही झालंच नसतं. तिच्यासाठी काय? चौघं-पाच जण तळ्याकाठी दोन मिनिटं उभे राहतात, हल्क बाकडं उचलून फेकतो, की झालं, कामाला लागले. नंतर शेवटी तिचा दोस्त क्लिंट (हॉकआय) आणि वांडा एक-दोन वाक्यं बोलतात.

२००८ पासून मार्चपर्यंत २१ पिच्चर आले त्यात एकट्या बाईच्या नावाचा एकच, कॅप्टन मार्व्हल, तोही ह्याच मार्चमध्ये. नताशा २०१० पासून आहे. लढाईत सगळ्या बायका एका फ्रेममध्ये येतात तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली उभं राहून ओरडल्या, मलाही भरून आलं, पण त्या फ्रेममध्ये जिनं सगळ्यात आधी पुरुषांच्या घोळक्यात एकटीनं जागा केली तीच नव्हती.


हर्सूलनाका

ताई, मुद्दा बरोबर आहे. माझ्या मनात फक्त एवढंच की टोनी अख्ख्या जगाला माहीत होता आणि नताशा हेर, तिचं असणं-नसणं मोजक्या लोकांनाच ठाऊक, म्हणून तिचा शोक पण मोजक्यांचाच दाखवला असेल. कड्यावर ती आणि क्लिंट एकमेकांना वाचवायला भांडतात, मी मरणार म्हणून, तो सीन मला अंत्यविधीपेक्षा मोठा वाटला.


बालाघाटची

तो सीन मोठा आहेच. पण माणूस गेल्यावर मागच्यांनी काय केलं ह्याच्यावरूनच कळतं ना त्याची किंमत केवढी धरली. मोजक्यांनीच का होईना, पण बसायचं तरी. पाच वर्षं सगळ्यांना तिनं धरून ठेवलं होतं, ऑफिसचा दिवासुद्धा तीच लावत होती.


मांजराकाठ

पटलं ताई. ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही, तिला एक पूर्ण सीन पाहिजेच होता.

आता थॅनॉसचं. कालपासून मनात घोळायलंय, लांबेल, वाचा.

तो म्हणतो खाणारी तोंडं जास्त, साधनं कमी, अर्धे कमी करा. माणसांची लोकसंख्या २०१८ ला ७६० कोटीच्या आसपास होती. अर्धी म्हणजे ३८० कोटी. आता बघा, जगात ३८० कोटी माणसं कधी होती? १९७२ च्या आसपास. म्हणजे थॅनॉसनं चुटकी वाजवून आपल्याला नेऊन ठेवलं कुठं तर बहात्तर सालात. आणि मराठवाड्यात बहात्तर म्हणलं की काय आठवतं ते मी सांगायची गरज नाही. जगात माणसं बरोब्बर अर्धी होती आणि तरी आपल्याकडं खायला दाणा नव्हता. मग अर्धी माणसं असली की सुख असतं हे आलं कुठून? पन्नास वर्षांच्या आत लोकसंख्या परत होती तिथं आली, म्हणजे त्याचा उपाय टिकणाराबी नाही.

दुसरं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलंतं, भांडणं होतील म्हणून. मी तेव्हा दहावीत, घागर घेऊन रांगेत मी पण उभा राहिलोय. त्या वर्षी शहरातली माणसं कमी केली असती तर मांजरा धरणात पाणी आलं असतं का? धरण कोरडंच राहिलं असतं. राज्यात लागवडीखालच्या जमिनीतली ४ टक्क्यांच्या आसपास जमीन उसाला आणि सिंचनाचं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी एकटा ऊस पितो असं म्हणतात, आणि आपल्या लातूर-उस्मानाबादेत दुष्काळातही ऊस उभा होता. पाणी कुठं जातंय ते बघायचं सोडून माणसं मोजत बसायचं, हे थॅनॉसचं गणित. आणि सहाही स्टोन हातात असताना ज्याला साधनं दुप्पट करता आली असती त्यानं माणसं अर्धी केली.

पिच्चरमधीच त्याचं उत्तर आहे, नीट बघा. २०१४ चा थॅनॉस जेव्हा पुढचा काळ बघतो तेव्हा त्याला कळतं की उरलेली अर्धी माणसं सुखी झालीच नाहीत, ती गेलेल्यांना विसरली नाहीत. तर तो म्हणतो मग सगळंच मिटवतो आणि नवीन दुनिया करतो, जिला काही आठवणारच नाही. म्हणजे साधनांचं कारण गळून पडलं आणि खरं काय होतं ते बाहेर आलं, माझंच बरोबर आणि तुम्ही उपकार माना. ज्यांना अजून थॅनॉस बरोबर वाटतो त्यांनी हा सीन परत बघावा.


नांदेडकाका

मांजराकाठ, तू विद्यार्थी दिसतोस पण लिहिलंस नेमकं. बहात्तरला मी अठरा-एकोणीस वर्षांचा. आमचं पाच एकर कोरडवाहू, तिन्ही वर्षं पाऊस हुलकावणी देत गेला. आई-वडील आणि मी खडी फोडायला जायचो, सरकारी काम, पुढं जिला रोजगार हमी म्हणायला लागले ती. कामावर पोरांना सुकडी मिळायची. लाल मिलो यायचा रेशनला, त्याची भाकरी थापायला आईला जमायची नाही, तुटायची, तशीच तुकडे तुकडे ताटात वाढायची. पण एक सांगतो, तेव्हा विहिरीला पाणी होतं. धान्य नव्हतं. आणि २०१३ ला, २०१६ ला दुकानात धान्य भरपूर आणि विहीर कोरडी. म्हणजे प्रत्येक वेळेस कमी पडणारी गोष्ट वेगळी, आणि माणसं जास्त झाली म्हणून पडली असं एकदाही नाही.

त्या वर्षात लोक जगले ते हजारो माणसं कामावर होती म्हणून. पाझर तलाव, नाले, रस्ते सगळे हातांनी झाले. आमच्या गावाचा तलाव त्याच साली खणला, आजही त्यात पावसाळ्यात पाणी साठतं. अर्धे हात असते तर अर्धा तलाव झाला असता.


हिंगोलीकर

काका, हात जोडले.

माझी एक तक्रार. आमच्याकडं लागला नाही म्हणून नांदेडला गेलतो, एसटीनं, चौघं मित्र. थेटरचं नाव घेत नाही. शेवटी नावं सुरू झाली की लगेच लाईट लावले आणि झाडूवाले आत, चला चला म्हणायला लागले. पहिल्या सहा जणांच्या सह्या येतात पडद्यावर, आमच्या दोघांनीच कशाबशा बघितल्या. आणि अगदी शेवटी सीन नाही पण हातोड्यानं लोखंड ठोकल्याचा आवाज आहे म्हणायलेत, गुहेत पहिला सूट बनवतानाचा, तो आम्हाला मिळालाच नाही. पूर्ण पैसे देऊन, जाऊन-येऊन अख्खा दिवस घालवून जर पिच्चर पूर्ण बघू द्यायचा नसेल तर काहून तिकीट काढायचं? पुढच्या शोला उशीर होतो तर शो जरा लांब ठेवा ना. तीन तासाचा पिच्चर आहे हे काय आदल्या दिवशी कळलं का.


पूर्णेकर

मॅनेजरला लेखी द्या, खरंच द्या. आमच्याकडं दोन पोरांनी जाऊन सांगितलं तर दुसऱ्या दिवशीपासून लाईट शेवटपर्यंत बंद ठेवायलेत.


खडकेश्वर

वेळेच्या प्रवासावर कुणी बोललं नाही. ब्रूस (हल्क) म्हणतो भूतकाळात जाऊन काही बदललं तरी आपलं वर्तमान बदलत नाही, नवी फांदी फुटते, आणि स्टोन परत जागच्या जागी ठेवले की फांदी मिटते. ठीक. मग थोरचा भाऊ लोकी २०१२ मधून टेसरॅक्ट (सहातला एक स्टोन त्यात असतो) घेऊन गायब झाला त्याचं काय? तो स्टोन तर परत ठेवलाच नाही कुणी, तो त्या काळातून निघूनच गेला. आणि कॅप स्टोन परत ठेवायला गेला आणि म्हातारा होऊन बाकड्यावर बसलेला दिसतो. तो पेगीबरोबर, त्याच्या जुन्या प्रेमाबरोबर, दुसऱ्या फांदीत जगला असेल तर यंत्रातून यायला पाहिजे होता, आणि ह्याच काळात गुपचूप जगला असेल तर ब्रूसचा नियम मोडतो.


हर्सूलनाका

लोकीचं दार मुद्दाम उघडं ठेवलंय असं मला वाटतं, त्याच्यावर पुढं काहीतरी येणार. कॅपचं मात्र मी तुमच्यासारखाच दोन दिवस डोकं लावतोय. पण खरं सांगतो, तो बर्फातून निघाल्यापासून, २०११ च्या पिच्चरच्या शेवटच्या सीनपासून, त्याच्या तोंडी एकच होतं की मला एक भेट ठरलेली होती. ती भेट झाली. नियमात बसवायला मी थांबायला तयार आहे, ती भेट नसती झाली तर चाललं नसतं.


पूर्णेकर

आणि डॉक्टर स्ट्रेंजचं बोट. १ कोटी ४० लाख ६०५ भविष्यं बघून एकच जिंकायचं सापडलंतं त्याला, आणि ते एक कोणतं हे टोनीला त्यानं आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर होणार नाही. लढाईत लांबून नुसतं एक बोट वर करतो. टोनीच्या चेहऱ्यावर बघा तेव्हा. त्याला बायको आहे, पोरगी आहे, तळ्याकाठचं घर आहे, पाच वर्षांत एकट्या त्याचंच सगळं नीट झालंतं. जायची सगळ्यात कमी गरज त्यालाच होती. गेला.


परळीची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, सुट्ट्या लागल्यात, शाळेतले सगळे ह्याच पिच्चरबद्दल बोलतात आणि ह्याला काहीच माहीत नाही. थेटरात न्यायच्या आधी त्याला काय काय दाखवावं लागेल? सगळे २१ बघायला वेळ नाही, आणि दुपारची लाईट पण जाते रोज. लहान मुलाला चालतील असेच सांगा.


मांजराकाठ

ताई, सगळे बघायची गरज नाही. आयर्न मॅन २००८ चा, तिथूनच सुरू करा, गुहेतला भाग सोडला तर नऊ वर्षांच्या पोराला काही अडचण नाही. मग कॅप्टन अमेरिकाचा २०११ चा पहिला, मग २०१२ चा ॲव्हेंजर्स, त्यात सगळे पहिल्यांदा एकत्र येतात आणि आधी आपसातच भांडतात, पोरांना ते लई आवडतं. मग गार्डियन्स, त्यात थॅनॉस आणि त्याच्या पोरी कळतात, मग सिव्हिल वॉर, कारण टोनी आणि कॅपचं बिनसतं ते माहीत असल्याशिवाय एंडगेममधलं त्यांचं बोलणं पोचत नाही. थोरचा रॅग्नारॉक, अँट मॅन आणि ब्लॅक पँथर वेळ मिळाला तर. डॉक्टर स्ट्रेंज पाहिजेच. शेवटी इन्फिनिटी वॉर.


बालाघाटची

विंटर सोल्जर विसरलास. नताशा खरी कळते ती त्यातच, आणि लिफ्टचा सीन माहीत नसेल तर एंडगेममधल्या लिफ्टला पोरगं नुसतं बघत बसेल. ताई, तो पण घ्या, मारामारी थोडी जास्त आहे, बरोबर बसून दाखवा.


हर्सूलनाका

दोन्ही याद्यांना अनुमोदन. आणि ताई, इन्फिनिटी वॉर बघून पोरगं रडलं तर घाबरू नका, माझा भाचा रडला होता, स्पायडर मॅन जातो तिथं. त्या रात्री त्याला एंडगेममध्ये काय होतं ते सांगून टाकायचा मोह होईल, सांगू नका. तिकीट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचंच काढून ठेवा, सकाळच्या शोचं, म्हणजे उन्हाच्या आत घरी याल.